काळ्या मशीनच्या पोटात

५ जानेवारी, रविवार

बियाण्याच्या कंपनीकडून ह्यांच्या दुकानात दरवर्षी एक डायरी येते आणि दरवर्षी मी तिच्यात ब्लाउजची मापं लिहून तिची माती करते. यंदा मापं पाठकोऱ्या कागदांवर. डायरीत मनातलं लिहायचं, कारण यंदा मनात एक मोठं काम आहे आणि घरात सांगितलं की हे हसतात.

काम असं. आमच्या आंधळगावातल्या जुन्या काळ्या पायडलच्या मशीनी एका दिवशी समाजमंदिरात आणायच्या आणि सगळ्यांनी मिळून एकाच तालावर चालवायच्या. दोन फेब्रुवारीचा रविवार ठरवलाय. सिहोऱ्याचे बाबूलालभाऊ येणार, मशीन दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं या भागात कुणी नाही. आसगावची गुड्डी येणार. आमचा तिघांचा फोनवर ग्रुप आहे. माणसं तीनच, पण वेड तीस जणांना पुरेल एवढं.

ताल रॅगटाइमचा. हे नाव मला माझ्या भाचीनं, डिंपलनं सांगितलं. एक म्हातारा गोरा माणूस गंजलेली मशीन उघडून, पुसून, तेल घालून चालती करतो, असा व्हिडिओ मी पाहिला होता. त्याच्या मागे पियानो वाजत होता. मशीन बघायची सोडून मी तो पियानोच ऐकत बसले. डिंपल म्हणाली, "आत्या, हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचं." म्हणजे माझ्या मोठ्या मशीनच्याच वयाचं! त्यात पियानोवाल्याचा डावा हात इमानदार असतो, धुम-टक धुम-टक सोडत नाही. उजवा हात मात्र द्वाड, कधी आधी उडी मारतो, कधी उशिरा पोहोचतो, पण पडत नाही. शिवणाऱ्या बाईचंही तेच. पाय एका चालीत आणि हात कापडाबरोबर वाटेल तिकडे.

त्यातूनच मला मशीन तपासायची रीत सापडली. फोन मशीनवर सुईजवळ ठेवायचा, गाणं लावायचं, डोळे मिटायचे आणि त्या तालावर पायडल मारायचं. खालचा धागा फिरवणारं शटल घासलेलं असलं, पट्टा सैल असला, तर आवाज अडखळतो आणि लगेच कळतं. बाबूलालभाऊ आधी हसले होते. आता तेही तसंच करतात.

८ जानेवारी, बुधवार

आजपासून घरोघर फिरायला सुरुवात केली. जिथं जाईन तिथं ओसरीवर गर्दी. मी फोन ठेवते, गाणं लावते, डोळे मिटून ऐकते, मग मशीनवर कोरलेल्या नंबरचा फोटो काढते. नंबरावरून मशीन कोणत्या साली बनली ते काढता येतं. लोक श्वास रोखून बघतात. लोकांना एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी शकुनमावशीकडे गेले. मुद्दाम शेवटी, गोड घास शेवटी ठेवतात तसं. मी नववीत नापास होऊन घरी बसले तेव्हा याच बाईच्या पायाशी बसून काज-बटण शिकले. तिचा डावा पाय लहानपणापासून लुळा. एका उजव्या पायानं पायडल मारून मारून तिची मशीन त्या पायाला अशी सरावली आहे की दुसऱ्या कुणाच्या पायानं ती नीट चालत नाही, आणि मावशीलाही दुसरी मशीन चालत नाही. माझ्या मशीनवर एकदा बसवलं होतं तर चाक उलटं फिरून धागा तुटला. राहते मुलाच्या, धनीरामच्या घरी, पण जेवते स्वतःच्या ब्लाउजांवर. हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते.

फोन ठेवला, गाणं लावलं. मावशीनं पायडल मारलं. देवा, काय आवाज! एक ठोका इकडचा तिकडे नाही.

"हे कोणतं भजन व?" तिनं विचारलं.

"भजन नाही मावशी, पियानो हाये."

"घाई लय हाये त्याले. पण थांबत नाही, हे चांगलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धनीराम दारात उभा होता. म्हणाला, "का भेटलं वहिनी?"

मी म्हटलं, "धनीरामभाऊ, या मशीनीच्या पोटात का हाये ते मलेच ठाऊक. साऱ्या गावात अशी दुसरी नाही. जिवापाड जपा हिले."

तो बराच वेळ मशीनकडे बघत राहिला. चला, इतक्या वर्षांनी का होईना, पोराला आईच्या मशीनचं मोल कळलं.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिळगूळ बाजूला ठेवून मशीनींचाच विषय काढला. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

शेजारची उषाबाई मात्र रुसून बसली होती. "माह्या मशीनीवर फोन ठेवला आन् तोंड वाकडं केलं तू. माह्यीत काहून नाही?"

"अवो, तुमचं शटल घासून घासून संपलं आहे. आवाजच सांगतो."

"म्हंजे आतलं सारं संपलं?"

"संपलंच म्हणायचं," मी म्हटलं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. बाबूलालभाऊंकडून नवीन शटल मागवून देते म्हटलं, तर म्हणाली, "आता मागवून कायले!"

मग सगळ्याजणी दोन तारखेचं विचारायला लागल्या. बाहेरून कोण कोण येणार, गाडी घेऊन येणार का, मशीनी उचलून नेणार का. मी म्हटलं, नेतात कुठं, इथंच बसून चालवू. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. लाजतात अजून, चारचौघांत शिवायचं म्हणून.

ह्यांना सांगितलं, गावाला वेड लागलं बघा. ह्यांनी पुन्हा हिशेबात डोकं घातलं.

१९ जानेवारी, रविवार

नागपूर पासिंगची एक गाडी गावात फिरून गेली. दोन माणसं होती. भजनमंडळवाल्या मधुकररावांच्या घरची मशीन उचलून नेली. मी धावत गेले, म्हटलं काका, दोन तारखेला तुमची मशीन हवी होती. ते म्हणाले, "हवी होती तं आधी सांगाचं होतं, भाव का हाये ते."

भाव! त्या मशीनचं पायडलसुद्धा मोडकं होतं.

मग कळलं. जुन्या काळ्या मशीनींच्या सुईत म्हणे लाल पारा असतो. बाहेरच्या देशांत त्याला इतकी किंमत आहे की एका मशीनमध्ये माडीचं घर होईल. ओळखायचं कसं, तर फोन सुईजवळ धरायचा. रेंज गेली की पारा आहे. मी इतकी हसले की ठसका लागला. आमच्या गावात तर पिंपळाखाली उभं राहिलं तरी रेंज जाते, मग पिंपळातही पारा असेल.

त्या माणसांनी फोन धरायची माझीच रीत उचललेली दिसते. पण गाणं कुठं आहे? गाण्याशिवाय मशीनचं काय कळणार!

बाबूलालभाऊंना फोन केला. ते हसले नाहीत. म्हणाले, "रक्षाबाई, सिहोऱ्यातबी तेच चालू हाये. काल एकानं माह्या दुकानातून सुयांचा डबा पळवला. जराकशी जपून राहा." हा सगळा त्या मोबाइलवरच्या रील्सचा प्रताप आहे. रिकामटेकडे लोक.

२२ जानेवारी, बुधवार

आज घरोघर पुन्हा फिरले, समजावून सांगायला. सुई तर दर महिन्याला मोडते, नवी लावतो, तिच्यात पारा येणार कुठून? उषाबाईला अगदी हातात सुई देऊन दाखवली. ती म्हणाली, "असं कसं, मंग तू फोन ठेवून का आयकत होती?"

"आवाज आयकत होती वो."

"हाव, तेच तं," ती म्हणाली.

चिडून आले. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात का शिरत नाही कळत नाही. आणि मी जितकं पोटतिडकीनं सांगते तितके ते हळू आवाजात बोलायला लागतात. मी ओसरीवर चढले की मशीनवर चादर पडते. आधी गाणं लावा गाणं लावा म्हणून मागे लागत होते.

शकुनमावशीची मशीन मात्र चालू होती. लग्नाचे ब्लाउज घेतलेत तिनं, कोशाच्या रेशमाचे. म्हणाली, "लोक बावरले हायेत, तू मनाले लावून नको घेऊ." धनीराम घरात होता. बाहेर आला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं, हाताच्या कांकणाला आरसा कशाला. माझी स्वतःची मोठी मशीन चौकात नेऊन सगळ्यांसमोर उघडायची. काय आहे ते दिसू दे एकदा.

काल दुपारभर तिला पुसत बसले. चारचौघांत मशीन उघडायची आणि आत मळ, तेलाची खपली, धाग्यांचे बोळे! माझ्याच्यानं झालं नसतं. रॉकेलनं धुतली, ब्रशनं कोपरे काढले, पातळ तेलाचा हात दिला. आरशासारखी झाली.

आज मारुतीच्या देवळापुढे ठेवली. गर्दी मावेना. झाकण काढलं, मुंडी मागे कलवली, शटल, बॉबिन, सुई, सगळं काढून सुपात मांडलं. म्हटलं, बघा, या, हात घालून बघा.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, हे तं पार धुतलेली हाये."

"हो, कालच धुतली."

"काहून धुतली?"

घाणेरडी मशीन लोकांपुढे उघडायची लाज वाटली, हे कसं सांगायचं? जिला मशीनचं प्रेम आहे तिलाच ते कळेल. धनीराम पुढे आला, आत वाकून बघितलं, बोट फिरवलं, बोट हुंगलं. "खाली करून आणली," एवढंच म्हणाला. लोक हसले आणि पांगले. सूप घेऊन मी एकटीच उभी राहिले.

२५ जानेवारी, शनिवार

गुड्डीनं ग्रुप सोडला. तिच्या नवऱ्यानं सोडायला लावला म्हणे. समाजमंदिराची किल्ली द्यायला कमिटीनं नाही म्हटलं. कारण विचारलं तर, "उगी लफडे नको."

२७ जानेवारी, सोमवार

आज ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. जेवताना हे म्हणाले, "एक इचारू? तू फोन कायले ठेवत होती मशीनीवर?"

मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तुम्हीसुद्धा?

"मले माहीत हाये, तू गाणंच आयकत होती. पण लोकाईले का दिसलं असन? तू घरोघर गेली. सुईपाशी फोन ठेवला. डोळे मिटले. एकीले म्हटलं चांगली हाये, दुसरीले म्हटलं आतलं संपलं. नंबरचे फोटो काढले. धनीरामले म्हटलं पोटात का हाये ते मलेच ठाऊक. मंग कोणी मोबाइलवर लाल पाऱ्याचं पाहिलं आन् दोन्ही जोडलं. ती गाडी नंतर आली, रक्षा. आधी तू गेली होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"दुकानात लोक इचारत होते, वहिनीनं किती काढला. मी हसण्यावारी नेलं. आन् तुले सांगतलं असतं तं तू आयकली असती?"

मी ताट सरकवून उठले. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. मी तालाबद्दल बोलत होते! पोटात काय आहे म्हणजे आवाज, चाल, इतक्या वर्षांचं मावशीच्या पायाचं वळण. यात लपवण्यासारखं काय होतं?

दुपारभर पुन्हा पुन्हा तेच आठवतं आहे. धनीराम कसा बघत राहिला होता ते.

२९ जानेवारी, बुधवार

उषाबाईनं कुंपणावरून सांगितलं, धनीराम गाडीवाल्यांना बोलावतो आहे. ते मशीन नेत नाहीत आता, म्हणे फोडून आतला माल जागेवरच तपासतात.

चप्पल न घालता गेले. मावशी ब्लाउजला हुक लावत होती. तिला काही माहीत नव्हतं. मी धनीरामला हात जोडले. "भाऊ, बिडाची मशीन हाये. एकदा फुटली की कोणी जोडून देत नाही. मावशीचा पाय दुसऱ्या मशीनीवर बसत नाही. तुमी आईच्या तोंडचा घास काढून राहिले."

तो म्हणाला, "मंग का करू म्हणता?"

आणि मी म्हटलं, "थोडे दिवस मशीन माह्या घरी ठेवा. हे खूळ गेलं की आणून देतो."

म्हणताना मला ते इतकं शहाणपणाचं वाटत होतं! धनीराम हसला. असं हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "आता समजलं," म्हणाला. "सारं गाव सांगत होतं, मीच म्हणत होतो वहिनी तशा नाहीत."

मावशी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. हुक हातातच राहिला होता.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, तुम्ही जा, पोलीस पाटलांना सांगा. हे गेले, येऊन म्हणाले, "त्याची मशीन, त्याचं घर. पाटील का करन?" खरंच आहे. मी तरी काय करणार? काही सांगायला तोंड उघडावं तर खड्डा आणखी खोल होतो, गप्प बसावं तर त्यातही लोकांना अर्थ सापडतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

फोडली.

मी गेले नाही. आमच्या अंगणातून आवाज येत होता. बीड लोखंडासारखं वाकत नाही, तडकतं. दोन घावांतच झालं असावं, पण ते पुढेही ठोकत राहिले.

उषाबाई बघून आली. गाडीवाल्यांनी सुई फोनजवळ नेली, शटल नेलं, काही झालं नाही. मग ते म्हणाले, "यातला माल आधीच कोणी काढला हाये," आणि गाडी फिरवून निघून गेले. आता गावात एकच प्रश्न आहे, काढला कुणी. उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

मावशी म्हणे तेव्हा मागच्या खोलीत होती. धनीरामनं दाराला बाहेरून कडी घातली होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

माझी मोठी मशीन हातठेल्यावर घालून ह्यांच्याबरोबर मावशीकडे पाठवली. पाय बसत नसला तर बाबूलालभाऊंना बोलावून पायडल बदलून घेऊ, पट्टा बदलू, काहीतरी करू. अर्ध्या तासात ठेला परत आला. धनीरामचा निरोप होता, "पारा काढलेली मशीन आमाले कायले? ज्यानं खाल्लं त्यालेच ठेवू द्या."

लग्नाचे कोशाचे ब्लाउज मावशीनं तसेच अर्धवट परत केले, असं कळलं. बाई अडीनडीतही कुणाचं काम परत करणाऱ्यांतली नव्हती. मी रडले. राग राग केला, ह्यांच्यावर, धनीरामवर, गाडीवाल्यांवर, आणि शेवटी राग करायला कुणी उरलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मशीनी चालायच्या होत्या. सकाळी बाबूलालभाऊंचा फोन आला, येत नाही म्हणून. मी येऊ नकाच म्हणाले.

दुपारी मावशी आली. काठी टेकत, एकटी, भर उन्हात. मी धावत जाऊन हात दिला तर तिनं घेतला. ओसरीवर बसली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगते, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रक्षा, एक इचारतो. खरं सांगजो."

"विचारा मावशी."

"तुले का कमी पडलं व? दुकान चालते. नवरा चांगला हाये."

"मावशी, मी काही घेतलं नाही. तिच्यात काही नव्हतंच. नुसती मशीन होती ती."

तिनं हात हलवला, माशी उडवावी तसा. "घेतलं तं घेतलं. मी का पोलिसात चालली? माह्या पायाशी बसून शिकली तू. मले पोरगी नाही, तुलेच पोरगी म्हटलं. मले मांगतलं असतं तं मी आपल्या हातानं काढून देला असता. असं मांगून पुसून न्यावं. फोन ठेवून, गाणं लावून, म्हातारीले भुलवून कायले न्यायचं?"

मी शपथ घेतली. ह्यांची घेतली, देवाची घेतली. एकेका शपथेबरोबर तिचा चेहरा उतरत गेला. मशीन फुटल्याचं दुःख नव्हतं ते. मी तिच्या तोंडावर खोटं बोलत होते, त्याचं होतं.

"नको व," ती म्हणाली. "बाकी सारं केलं तं केलं. माह्यापाशी खोटं नको बोलू. तेवढं नको करू."

तिचे डोळे भरले होते. काय सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं. मग माझ्या तोंडून निघालं, "चुकलं, मावशी."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. सगळा. किती दिवसांत मी तिला असं बघितलं नव्हतं. तिनं माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली. "झालं. झालं. संपलं ते," म्हणाली. मग चहा मागितला, साखर जास्त घालायला सांगितली, आणि बशीत ओतून सावकाश प्यायली.

निघताना ह्यांच्या दुकानाकडे एकदा बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना, आणि माझ्या कानाशी वाकली.

"धनीरामले सांगू नको. हिस्सा मांगायले येईन. त्यानं तं सारं उडवून टाकलं असतं. तूच ठेव, जपून ठेव."

"हाव मावशी," मी म्हटलं. "ठेवतो."

फाटकापर्यंत तिला धरून नेलं. तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिनं तो शेवटपर्यंत सोडवून घेतला नाही.